सिद्दीला पासपोर्ट का मागता?

गोव्यात पेडण्यापासून डिचोलीपर्यंत कुठेही आफ्रिकन भाडेकरूंचा विषय निघाला की ठरलेला युक्तिवाद ऐकू येतो. ‘आमचं रंगाशी काही वैर नाही हो. पण हे नायजेरियन ड्रग्ज विकतात, व्हिसा संपला तरी राहतात. आपल्या मातीशी त्यांचा संबंध काय?’ बोलणारे माझेच शेजारी, माझेच सोयरे. म्हणून तर गप्प बसवत नाही.

ड्रग्जचा धंदा किनाऱ्यावर चालतो आणि त्यात आफ्रिकन तरुण पकडले गेले आहेत, हे खरे. त्याच धंद्यात रशियन, इस्रायली आणि आपले भारतीयही पकडले गेले. मोरजीत रशियन सापडला तर गुन्हा त्या एकट्याचा राहतो. हरमलला आफ्रिकन सापडला की गुन्हा साऱ्या काळ्या माणसांच्या माथी मारला जातो. २०१३च्या ऑक्टोबरअखेरीस पर्रा इथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाला आणि त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला. रस्ता अडवणे गैरच. पण त्यानंतर राज्याच्या कला व संस्कृती मंत्र्यांनी नायजेरियनांना कॅन्सरची उपमा दिली. पुढे त्यांनी खेद व्यक्त केला, तोवर मेलेला माणूस चर्चेतून पार निघून गेला होता.

व्हिसाचे म्हणाल तर त्याला कायदा आहे. परदेशी भाडेकरूची माहिती घरमालकाने चोवीस तासांत सरकारला कळवायची असते, गोऱ्याचीही आणि काळ्याचीही. कायद्याची एवढी चाड असेल तर ती सगळ्या भाडेकरूंच्या बाबतीत दिसू दे.

पण प्रश्न व्हिसाचा नाहीच, हे मी मांद्र्यात डोळ्यांनी पाहिले. कर्नाटकातल्या हल्याळकडचा एक सिद्दी मुलगा, हॉटेलच्या किचनमध्ये कामाला लागलेला. फोनवर कोकणीत बोलणे झाले, भाडे ठरले. संध्याकाळी तो पाठीवर सॅक घेऊन दारात आला. घरमालकिणीने त्याच्याकडे पाहिले आणि पासपोर्ट मागितला. त्याने मुकाट्याने आधार कार्ड पुढे केले. तिने ते उलटसुलट करून पाहिले, परत दिले आणि म्हणाली, ‘रूम कालच गेली.’ किल्ली तिच्या हातातच होती. कार्ड भारतीय, बोली कोकणी, नोकरी पक्की. आता नडले काय? केस आणि कातडी, दुसरे काही नाही.

हा मुलगा आला कुठून, हे आपण शाळेत शिकलोच नाही. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून माणसे आणून जुन्या गोव्याच्या भर रस्त्यात लिलावाने विकली. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या परदेशी प्रवाशांनी त्या बाजारांची वर्णने लिहून ठेवली आहेत. पोर्तुगीज साम्राज्यात गुलामी कायद्याने बंद व्हायला १८६९ उजाडले. त्याआधी जे निसटले, त्यांतले कितीतरी घाट चढून यल्लापूर, हल्याळ, अंकोल्याच्या जंगलात गेले. त्यांचे वंशज म्हणजे हे सिद्दी. ते हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत. त्यांतले बरेच जण घरात कोकणी बोलतात. उत्तर कन्नडातल्या सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. मातीशी संबंध विचारणाऱ्यांनी आधी हे सांगावे, की ज्या गोव्याने यांना विकले, तो गोवा यांचा लागतो कोण?

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. जुनी माणसे म्हणतात, पोर्तुगीज राजवटीतले खाप्री, म्हणजे आफ्रिकन, शिपाई आम्ही पाहिलेत, त्यांची दहशत होती. ही आठवण खोटी नाही आणि ती झिडकारण्याचा मला अधिकार नाही. पण तो शिपाई मोझांबिकमधून हुकमाने आणलेला होता. १५ ऑगस्ट १९५५ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडणारी राजवट आणि त्याच्या गावावर राज्य करणारी राजवट एकच. आपण १९६१ला सुटलो. मोझांबिकला १९७५ची वाट पाहावी लागली. तिथल्या स्वातंत्र्यलढ्यात गोव्याचे आकिनो द ब्रागांसा होते. १९८६ साली मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्यासोबत विमान अपघातात त्यांचा अंत झाला. केनियातले पियो गामा पिंटो गोमंतकीय वंशाचे. गोवामुक्तीसाठी झटले, केनियाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगवास सोसला आणि १९६५ साली नैरोबीत मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडले. आफ्रिकेत आपल्या माणसांना घरे मिळाली, नोकऱ्या मिळाल्या, पुढारीपणही मिळाले.

आणि मराठी म्हणून अभिमान बाळगणाऱ्यांनी मलिक अंबर विसरू नये. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद झाले. तिथे पाण्याची नहर आणली. १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले.

तरीही माझा सगळा भर या इतिहासावर नाही. उद्या हरमलला खोली शोधणारा लागोसचा विद्यार्थी सिद्दी नसेल, मलिक अंबर त्याने ऐकलेलाही नसेल. त्याच्या पूर्वजांनी आपल्यासाठी काही केले होते का, हे विचारायचे कारणच नाही. त्याचा व्हिसा पाहावा, त्याची माहिती सरकारला कळवावी, भाडे घ्यावे आणि किल्ली द्यावी. गुन्हा केला तर त्याच्या नावाने तक्रार नोंदवावी, त्याच्या रंगाच्या नावाने नाही. किनाऱ्यावरच्या पंचायतींनी हे ग्रामसभेत ठराव करून सांगावे. आणि सिद्दींचा धडा गोव्याच्या पाठ्यपुस्तकात, पोर्तुगीज राजवटीच्या प्रकरणातच यावा.