‘मुलं आहेत, जाऊ दे ना’ : हे वाक्य आपल्या घरात आता पुरे

मंडळी, इथे आपण बहुतेक गोड आठवणीच लिहितो. वाड्यातला गणपती, सुरसागरची संध्याकाळ, कमाटीबागेतली छोटी आगगाडी. आज लिहितोय ती आठवण गोड नाही, आणि मला शोभा देणारी तर मुळीच नाही. तरी लिहितो, कारण निमित्तच तसं घडलंय.

गणपतीच्या आधी चुलत बहिणीचा फोन आला. तिचा मुलगा कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये आहे. मॅच हरले. मॅच संपल्यावर पार्किंगमध्ये त्याने आणि आणखी दोघांनी समोरच्या टीममधल्या एका मुलाला धरून मारलं. त्या मुलाच्या भुवईवर सहा टाके पडले. कॉलेजने तिघांना या मोसमापुरतं टीमबाहेर काढलं.

बहीण म्हणाली, “दादा, तुझी तिथे ओळख आहे. एक शब्द टाक ना. मुलं आहेत रे, जाऊ दे ना.”

मी नाही म्हणालो. यंदा ती आमच्याकडे आरतीला आली नाही, तिच्याकडचा मोदकांचा डबाही आला नाही. फॅमिली ग्रुपवर माझं नाव सध्या ‘राजा हरिश्चंद्र’ आहे.

‘जाऊ दे ना’ म्हणजे आपलं बडोदेकरांचं लाडकं वाक्य. शेजारी गुजरातीत म्हणतात, ‘जवा दो ने’. नळाला पाणी उशिरा आलं, जाऊ दे. शेजाऱ्याने स्कूटर आपल्या दारात लावली, जाऊ दे. या स्वभावामुळेच आपण कित्येक पिढ्या इथे सुखाने नांदलो, हे मी नाकारत नाही. पण ‘जाऊ दे’ म्हणण्याचा हक्क ज्याचं काही गेलंय त्याला असतो. ज्या मुलाला सहा टाके पडले त्याच्या आईने म्हणावं ‘जाऊ दे’. मारणाऱ्याच्या आईने, मामाने आणि फॅमिली ग्रुपने ते म्हणायचं नसतं.

आता माझी गोष्ट. साल १९८४. मी एस. वाय.ला होतो. मला खेळ यथातथाच यायचा, म्हणून मी टीमचा मॅनेजर. मॅनेजर म्हणजे बूट, चेंडू आणि कापलेली लिंबं सांभाळणारा गडी. आंतरमहाविद्यालयीन फायनल होती. शेवटच्या काही मिनिटांत आम्हाला पेनल्टी मिळाली, आणि समोरच्या गोलकीपरने ती अडवली. शेलाटा, चष्मेवाला मुलगा. खेळताना चष्मा रबराने डोक्यामागे बांधायचा. आम्ही एका गोलने हरलो.

अर्ध्या तासाने सायकल-स्टँडवर आमच्या सेंटर-फॉरवर्डने त्याला गाठलं. हातात बूट होता, खिळ्यांचा. तो त्याने गोलकीपरच्या कानावर हाणला. एकदा नाही, तीनदा. मी दहा पावलांवर लिंबांची पिशवी घेऊन उभा होतो.

चौकशी झाली. मला विचारलं, “तू काय पाहिलंस?” मी म्हणालो, “गर्दी होती सर, नीट दिसलं नाही.” आमचा सेंटर-फॉरवर्ड आमच्याच वाड्यातला, त्याच्या काकांचं वजन मोठं. आदल्या रात्री ते आमच्या घरी येऊन चहा पिऊन गेले होते. वडील मला एवढंच म्हणाले, “आपलाच मुलगा आहे, सांभाळून बोल.” निकाल लागला: दोन्ही बाजूंना समज. संध्याकाळी आम्ही सगळे सेव-उसळ खायला गेलो. मी दोनदा तरी मागून घेतली, हेही लख्ख आठवतं.

तो गोलकीपर पुन्हा मैदानावर दिसला नाही. वीस-बावीस वर्षांनी एका बँकेच्या काउंटरवर भेटला. मी नाव सांगितलं तर त्याने मान वळवून डावा कान पुढे केला. उजव्याने ऐकू येत नव्हतं. मला ओळखल्यावर म्हणाला, “तुम्ही लिंबं द्यायचात ना? हाफटाइमला मलाही दिलं होतंत.” बस्स, एवढंच. पासबुक भरून दिलं.

आणि आमचा सेंटर-फॉरवर्ड? परदेशात मजेत आहे. मागे फोनवर मी विषय काढला, तर त्याला ती संध्याकाळ आठवेचना. “असं झालं होतं का रे?” म्हणाला. खोटं बोलत नव्हता. मारणारा विसरू शकतो, कारण त्याला कोणी लक्षात ठेवायलाच लावलं नाही. ते काम आमचं होतं. आम्ही सेव-उसळ खाल्ली.

कोणी म्हणेल, बडोद्यासारख्या संस्कारी गावात हे अपवादानेच घडतं. संस्कारी गाव खरंच आहे हो. प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा आपला. आपल्या हिंद विजय जिमखान्याने १९२०च्या दशकात हुतूतू आणि खो-खोचे नियम ठरवून स्पर्धा भरवल्या. विजय हजारे इथे खेळले. १९४७च्या रणजी फायनलमध्ये गुल महंमदबरोबर ५७७ धावांची भागी रचली, आणि आवाज चढवल्याची गोष्ट त्यांच्याबद्दल कोणी सांगत नाही. पण ज्या गावाने खेळांचे नियम छापले, त्याच गावाच्या खेळाडूच्या हातात भर मैदानात स्टंप दिसला, हेही विसरू नका.

जानेवारी १९९१, जमशेदपूरचं कीनन स्टेडियम. दुलीप ट्रॉफीची फायनल, पश्चिम विभाग विरुद्ध उत्तर विभाग, शेवटचा दिवस. पहिल्या डावाची आघाडी उत्तरेकडे होती, म्हणजे निकाल ठरलेला, जिंकण्या-हरण्यासारखं काही उरलंच नव्हतं. अशा वेळी आपल्या बडोद्याचा डावखुरा वेगवान गोलंदाज रशीद पटेल स्टंप उपटून रमण लांबाच्या मागे धावला. प्रेक्षकांत दगडफेक झाली, खेळ बंद पडला. बोर्डाने पटेलला तेरा महिने आणि लांबाला दहा महिने बंदी घातली. दोघांनाही, हे लक्षात घ्या. आपल्याकडे तेव्हा पारावर चर्चा काय? “लांबाने आधी शिव्या दिल्या असणार.” असतीलही. म्हणून तर त्यालाही दहा महिने मिळाले. पण शिवीचं उत्तर स्टंप नव्हे, आणि पेनल्टी अडवल्याचं उत्तर बूट नव्हे.

आता त्याच ट्रॉफीची दुसरी फायनल बघा. सप्टेंबर २०२२, कोइम्बतूर. पुन्हा पश्चिम विभाग, पुन्हा शेवटचा दिवस. यशस्वी जयस्वालने २६५ धावा काढलेल्या, सामना जवळजवळ त्यानेच हातात आणून दिलेला. पण तो समोरच्या फलंदाजाला सारखा टोचून बोलत होता. कप्तान अजिंक्य रहाणेने समज दिली. ऐकेना, तेव्हा त्याला सरळ मैदानाबाहेर पाठवला. काही षटकांनी तो परत आला, पश्चिम विभाग जिंकला, विषय संपला.

एकतीस वर्षांच्या अंतराने त्याच ट्रॉफीचे दोन शेवटचे दिवस. एकदा बाहेरच्या लोकांना महिने मोजून शिक्षा द्यावी लागली. दुसऱ्यांदा आपल्याच माणसाने वेळेवर ‘बाहेर जा’ म्हटलं, आणि काही षटकांत काम झालं. घरच्यांनी वेळेवर थांबवलं की शिक्षा छोटी राहते. घरच्यांनी पांघरूण घातलं की ती मोठी होत जाते, आणि शेवटी पोलीस चौकीत पोचते.

फुटबॉलचंच हवं असेल तर कोल्हापूरकडे बघा. आपल्यापैकी कितीतरी जणांची सोयरीक तिकडची. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी... तालमी-मंडळांचं ते वेड बघून ऊर भरून येतो. पण त्याच शाहू स्टेडियममध्ये हाणामारी आणि हुल्लडबाजी यांनी खेळाला किती वेळा गालबोट लागलंय, हे तिकडचे नातेवाईकच सांगतील. ‘आपली पोरं’ हे शब्द खेळापेक्षा मोठे झाले की असंच होतं.

आता ग्रुपवर मला मिळालेली उत्तरं.

‘तरुण रक्त आहे.’ अहो, समोरच्याचंही तरुणच होतं. भुवईतून वाहिलं ते तेच.

‘मुलाचं करिअर बरबाद होईल.’ फेब्रुवारी २०२०, १९ वर्षांखालील वर्ल्ड कपची फायनल. बांगलादेश जिंकला, आणि मॅच संपल्यावर मैदानातच दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या अंगावर गेली. आयसीसीने पाच जणांवर कारवाई केली, तीन त्यांचे, दोन आपले. आपल्यातला एक रवी बिश्नोई. दोन वर्षांत तो भारताच्या मुख्य संघातून खेळला. रशीद पटेलही बंदी संपल्यावर बडोद्याकडून पुन्हा उतरला. शिक्षेने करिअर संपत नाही. ‘मला कोणी काही करू शकत नाही’ हे डोक्यात बसलं की मात्र माणूस हाताबाहेर जातो.

‘कॉलेजने घरच्यांना बोलावून समज दिली असती.’ अशी ‘समज’ १९८४ साली मी स्वतः पाहिलीय. तिचा अर्थ त्या पोराने बरोबर घेतला: काका आहेत ना!

पण कॉलेजवाल्यांनीही ऐकावं. मोसमाची बंदी हे अर्धंच काम. नियम मोसमाच्या आधी सगळ्यांना सांगा, आणि तो स्टार खेळाडूला अन् बाकावर बसणाऱ्याला सारखाच लावा. त्याच संध्याकाळी प्रत्येकाचा जबाब वेगवेगळा लिहून घ्या, लिंबंवाल्याचासुद्धा. बंदी घातलेल्या पोरांना घरी मोबाइल बघत बसवू नका; रोज सरावाला बोलवा, मैदानावर फक्की मारायला लावा, चेंडू भरायला लावा. आणि बंदी संपली की संपली. मग टोमणा नाही, परत यायचा रस्ता मोकळा. कायमचं हाकलून द्या म्हणणारेही मला तितकेच चुकीचे वाटतात. एकोणीस वर्षांच्या पोराला जन्मभराचा गुंड ठरवणं म्हणजे त्याला सुधारायच्या कामातून आपली सुटका करून घेणं.

आणि घरच्यांनी काय करावं? त्या मुलाच्या घरी जावं. आई-वडील आणि मुलगा, तिघांनी. औषधाचा खर्च द्यावा. मिठाईचा पुडा नेऊ नये, ते काही पेढे वाटायचं निमित्त नाही. मुलाने त्या आईसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगावं, “मी मारलं.” ‘मारामारी झाली’ असं नाही. “मी मारलं.” हे दोन शब्द १९८४ मध्ये आमच्या वाड्यात कोणी बोललं नाही. “मी पाहिलं” हे दोन शब्द मीही बोललो नाही.

कॉमेंटमध्ये मला खुशाल शिव्या द्या, इतकी वर्षं गप्प बसलो म्हणून दिल्यात तर त्या योग्यच आहेत. पण त्याआधी स्वतःला विचारा: उद्या तुमच्या मुलाच्या भुवईवर टाके पडले, तर ‘जाऊ दे’ म्हणाल?

दसरा जवळ आलाय. बहीण आली नाही तर मीच सोनं द्यायला तिच्याकडे जाणार आहे. दार उघडेल, कारण शेवटी बहीण आहे. आपट्याची पानं हातावर ठेवीन आणि फोनवर म्हणालो होतो तेच पुन्हा म्हणेन: शब्द टाकणार नाही, पण त्या मुलाच्या घरी तुमच्याबरोबर येईन. कधी निघायचं ते सांग.