पंचमीला लेक येईल, तेव्हा तिचे खांदे बघा

सीमाभागातल्या आई-बापांना, भाऊ-भावजयांना, आशाताईंना आणि पंचांना कळकळीचं आवाहन

नागपंचमी तोंडावर आली आहे. औराद, कमलनगर, भालकी, हुलसूर, बसवकल्याण आणि तिकडं आळंद, या सगळ्या पट्ट्यात आता माहेराला लेकी येतील. कुणी उदगीरहून, कुणी उमरग्याहून, कुणी अक्कलकोटहून, कुणी पुण्या-हैदराबादहून. लिंबाच्या फांदीला दोर बांधला जाईल, लाह्या फुटतील, लाडू वळले जातील.

त्यांतली एखादी झोक्यावर बसेल, पण दोर असा धरेल की बोटं पांढरी पडतील. खांदे कानाला लागलेले असतील. रस्त्यानं मोटरसायकल गेली की मान गर्रकन वळेल. मोबाईल वाजला की हातातला घास हातातच राहील. "काय झालं गं?" विचारलंत तर म्हणेल, "काय नाही अव्वा, जरा कणकण हाय." अंगावर वळ नसेल, डोळा काळानिळा नसेल. तेवढ्यावरून सगळं ठीक आहे असं समजू नका. सण झाला, साडी नेसवली, ओटी भरली आणि गाडीत बसवून दिलं, असं या वर्षी करू नका. त्याआधी एवढं वाचा.

हात न उगारता मारता येतं. टोमणे, घालूनपाडून बोलणं, आठ-आठ दिवस अबोला, माहेरी फोन करायला बंदी, मोबाईलची झडती, पाच रुपयांचा हिशेब, चारचौघांत "हिला काय कळतंय". घरोघरी याला "संसारात चालायचंच" म्हणतात. कायदा तसं म्हणत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अपमान, टिंगल, नावं ठेवणं आणि मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणं हे हिंसाचार म्हणूनच लिहिलं आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 44.4 टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा 20.6 होता. आणि ही मोजणी शारीरिक आणि लैंगिक हिंसेची आहे. नुसत्या बोलण्यानं खचलेल्या बाया यात धरलेल्याच नाहीत.

बोलण्याचा मार मनाला बसतो आणि अंगातून बाहेर येतो. आपल्या बाया "मन दुखतंय" असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, "अंग गळून गेलंय, छातीत धडधडतंय, हातापायाला मुंग्या येतात, अंगावरून पांढरं जातंय." गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2,494 बायांची पाहणी केली, ती 2005 साली प्रसिद्ध झाली. अंगावरून जाण्याची तक्रार जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या ताणाशी जास्त घट्ट बांधलेली निघाली. सहा महिन्यांहून जास्त दिवस थकवा असलेल्या बाया 12.1 टक्के होत्या. त्या थकव्याची मुळं कर्जात, उपासमारीत, नवऱ्याच्या जबरदस्तीत आणि घरात शब्द न चालण्यात सापडली.

असं का होतं, ते रानातल्या माणसाला लगेच कळेल. ज्वारी निसवली की माणूस माचणावर बसतो, हातात गोफण. पाखरू दिसलं की हात उठतो. पण समजा पीक निघालं, खळं झालं, तरी तो खालीच उतरला नाही तर? सतत धाकात राहिलेल्या बाईचं शरीर असं माचणावर बसलेलं असतं. धोका दिसला की काळीज जोरात चालतं, स्नायू ताठतात, पोट आखडतं. हे सगळं जीव वाचवण्यासाठीच असतं. पण रोजच धोका असला की ही राखण थांबत नाही. बाई माहेरी सुखरूप येते, तरी तिचं अंग अजून तिथंच पहारा देत असतं. म्हणून "आता झालं ते विसर" हे सांगणं फुकट जातं. अंगाला ते ऐकूच येत नाही.

मग आपण काय करतो? सलाईन लावतो, टॉनिक आणतो. नाहीतर बाहेरचं काहीतरी झालंय म्हणून गाणगापूरला नेतो. दुपारच्या आरतीला तिथं खांबाला धरून घुमणाऱ्या, किंचाळणाऱ्या बाया ज्यांनी पाहिल्यात त्यांना ठाऊक आहे, की घरात ज्या बाईला आवाज चढवायची मुभा नसते, तिला तिथं ती मिळते. देवाला जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. जा, आरती घ्या, संगमावर स्नान करा. पण तिथून परत त्याच घरात, त्याच बोलण्यात तिला सोडू नका. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' नावानं मनाचे डॉक्टर दर्ग्याच्या आवारातच बसवले गेले. गाणगापुरातही तशी सोय व्हावी, ही आरोग्य खात्याकडं आमची मागणी आहे.

आता करायचं काय?

पहिली गोष्ट, ती सुरक्षित आहे का ते बघा. छळ चालूच असेल, तर प्राणायाम शिकवून तिला त्याच घरात टिकवणं हा दुसरा छळ आहे. आधी जागा, मग उपचार.

दुसरी गोष्ट, दवाखाना. हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासून घ्या. छातीत दुखतंय ते सगळं मनाचंच, असं घरी बसून ठरवू नका. तपासणीत काही निघालं नाही, तर "नाटक करते" असंही म्हणू नका.

तिसरी गोष्ट, अंगाला खाली उतरू द्या. जीव घाबराघुबरा झाला की तिला भिंतीला पाठ टेकून बसवा. दोन्ही तळवे जमिनीवर दाबायला सांगा. श्वास जितका आत घेतला त्याहून लांब सोडायचा, सावकाश. मग समोर काय दिसतंय, काय ऐकू येतंय ते सांगायचं: चूल, कोंबडी, पत्र्यावरचा पाऊस. जागतिक आरोग्य संघटनेनं ताणासाठी 2020 मध्ये काढलेल्या सचित्र पुस्तिकेचा पहिला धडाही जवळपास हाच आहे. डोळे मिटून श्वासाकडं लक्ष दिलं की काहींना जास्त भीती वाटते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, नाहीतर ते सोडून चालायला लागावं.

चौथी गोष्ट आपल्या घरातलीच आहे. झोका, फुगडी, झिम्मा, जात्यावरची ओवी. गाताना श्वास आपोआप लांब सुटतो, हात एका लयीत फिरतात, समोर दुसरी बाई असते. आपल्या आज्या हे रोज पहाटे करायच्या. सासूचं, नणंदेचं, नवऱ्याचं सगळं त्या जात्याला सांगायच्या. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि ते सांगणंही गेलं. अमेरिकेत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इतर उपचारांनी बऱ्या न झालेल्या 64 आघातग्रस्त बायांवर प्रयोग झाला. निम्म्यांना 10 आठवडे, आठवड्याला एक तास योग दिला. शेवटी योग करणाऱ्या 31 पैकी 16 जणी आघातानंतरच्या ताणाच्या आजाराच्या निकषातून बाहेर आल्या. नुसती आरोग्याची माहिती मिळालेल्या 29 पैकी 6 च आल्या. त्या योगात एक गोष्ट महत्त्वाची होती: कुणी हुकूम सोडत नव्हतं. हात वर न्यायचा की नाही, हे ती बाई ठरवत होती. ज्या बाईचं काहीच तिच्या मनानं चाललं नाही, तिला औषध लागतं ते याचंच.

म्हणून पाचवी गोष्ट, विचारल्याशिवाय हात लावू नका. "तेल चोळू का गं?" असं आधी विचारा. ती नको म्हणाली तर नको. झोक्यावर बसायचं नसेल तर ओढू नका. आणि काय घडलं ते दर पाहुण्यापुढं तिला सांगायला लावू नका. प्रत्येक वेळी सांगताना तिचं अंग पुन्हा माचणावर चढतं.

आपल्या सोयरिकी सीमा ओलांडून होतात. लेक लातूर जिल्ह्यात, सून सोलापूरची. "केस तिकडंच करावी लागंल" या भीतीनं कितीतरी आई-बाप गप्प बसतात. ही भीती खोटी आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 27 प्रमाणे बाई तात्पुरती जिथं राहते आहे, तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो, आणि त्या न्यायालयाचा आदेश सगळ्या देशात लागू होतो. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही रूपाली देवी खटल्यात सांगितलं, की सासरच्या छळाची तक्रार बाईनं जिथं आसरा घेतला तिथं करता येते, कारण त्याचा मनावरचा त्रास माहेरी आल्यावरही चालू असतो. आपण घरी जे मानत नाही, ते न्यायालयानं मानलं आहे. कर्नाटकात तालुक्याच्या बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडं संरक्षण अधिकाऱ्याचं काम आहे. वकिलाचे पैसे नसतील तर बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यासाठी फोन 15100. कागद कन्नडमध्ये असेल आणि तिला वाचता येत नसेल, तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय अंगठा वा सही देऊ नका.

आशाताई, अंगणवाडीताई, तुमच्याकडं थकवा आणि अंगदुखी घेऊन पुन्हा पुन्हा येणारी बाई एकटी गाठा आणि विचारा, "घरी बरं आहे ना?" मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातलं 'दिलासा' केंद्र 2000 साली असंच उभं राहिलं: बाई दवाखान्यात येतेच, तर तिथंच तिला विचारायचं. स्त्रीशक्ती संघाच्या बायांनो, महिन्याच्या बैठकीत हप्ते झाले की अर्धा तास दार लावून घ्या आणि फुगडी घाला. हसू येईल, येऊ द्या.

आणि पंचांनो, समेट घडवण्याची घाई करू नका. आपण कल्याणच्या मातीतली माणसं. राजाचं घर सोडून आलेल्या महादेवीला अनुभव मंटपात अवघड प्रश्न विचारले गेले, असं परंपरा सांगते. पण तिला परत धाडलं नाही, अक्का म्हणून बसवून घेतलं. आपल्या दारात आलेल्या लेकीला तेवढं तरी द्या.

त्रास होत असेल तर 181, जिवाला धोका असेल तर 112. झोप नाही, जगणं नको वाटतंय, असं ती म्हणाली तर त्याच क्षणी 14416 वर टेलिमानस या मनाच्या मदतवाहिनीला फोन लावा, मराठीतून बोलायचंय असं सुरुवातीलाच सांगा, आणि तिला एकटी सोडू नका. मनाचे डॉक्टर बिदरच्या ब्रिम्स आणि कलबुर्गीच्या जिम्स रुग्णालयात आहेत. हे चार आकडे आजच चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा: 181, 112, 14416, 15100.

पंचमीला लेक येईल. तिचे खांदे बघा. ते खाली उतरेपर्यंत तिच्या परतीची तारीख विचारू नका.