शिकाऊ डॉक्टरांची झोंप

मुंबईच्या एखाद्या रुग्णालयांत निवासी डॉक्टर म्हणून शिकणारा मुलगा सुटीस घरीं आला, म्हणजे वडील मंडळींच्या उपदेशास ऊत येतो. ‘पहांटे ऊठ, बारा सूर्यनमस्कार घाल, थकवा कोठल्या कोठें पळेल!’ शाळेंत असतांना आम्हीहि पोरांना तालमीस पिटाळीत असूं. व्यायामानें मन हलकें होतें, रात्रीं झोंपहि गाढ लागते, हें खरेंच. परंतु जो ३० तास डोळ्यास डोळा न लागतां आला आहे, त्यास आळस जडलेला नसतो. त्याची झोंपेची थकबाकी सांचलेली असते, आणि ती दंड-बैठकांनीं फिटत नाहीं.

१९९७ सालीं डॉसन व रीड या संशोधकांनीं दाखविलें कीं, १७ तास सलग जागलेल्या मनुष्याची अवधानशक्ति रक्तांत ०.०५ टक्के मद्य असल्याइतकी उतरते. २४ तासांनीं ती ०.१० टक्क्यांच्या पातळीस जाते. आपल्याकडे वाहन हांकणारास ०.०३ टक्क्यांपुढें कायदा पकडतो. ज्या घरांत मद्याचा थेंबहि शिवत नाहीं, तेथील सुपुत्र या हिशोबानें झिंगलेलाच म्हणावयाचा! अमेरिकेंत २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत, २४ तासांवरील पाळीनंतर घरीं परतणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांस अपघाताचा संभव दुपटीहून अधिक आढळला. आमच्या पळस्पे फाट्यावर, जेथून गोव्याचा महामार्ग फुटतो, तेथें चालकाच्या एका डुलकीची किंमत कोणास निराळी सांगावयास नको. मुलास दुचाकीवरून येऊं देऊं नये; आगगाडीनें पनवेलीस यावें, कोणीतरी आणावयास जावें.

मोटारकामगारास दिवसाकांठीं आठ, लांबच्या मार्गावर फार तर दहा तास राबवावें, असा १९६१ चा कायदा होता. निवासी डॉक्टरांसाठीं १९९२ सालच्या केंद्राच्या आदेशानें सामान्यतः सलग १२ व आठवड्यास ४८ तास ठरविले. पुढें २०२४ मध्यें राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटानें ७४ तासांहून अधिक नको, अशी शिफारस केली. बत्तीस वर्षांत ४८ चे ७४ झाले, यावरून आदेश कितपत पाळला गेला तें वाचकांनींच ताडावें.

दिवसा निजणें अशुभ मानणाऱ्या आजीबाईंनीं वाग्भटाचार्यांचें ऐकावें. सवयीबाहेर जागरण घडल्यास त्याच्या निम्मा वेळ सकाळीं जेवणापूर्वीं निजावें, असें ‘अष्टांगहृदय’ सांगतें; व्यायामहि बलवानानें निम्म्या शक्तीनेंच करावयाचा. तेव्हां प्रथम अंधारी खोली, मग जेवण, आणि उन्हें उतरल्यावर नदीकांठापर्यंत फेरी. शेजारच्या काकूंच्या तपासण्यांचे कागद दुसऱ्या दिवशीं दाखवावे.

सून निवासी डॉक्टर असेल तर तिलाहि हाच नियम. मुलगा निजला तर ‘दमला बिचारा’, आणि सून निजली तर ‘दिवस डोक्यावर आला’, हें आम्हीं सुशिक्षित घरांतहि ऐकलें आहे. दोन-तीन रात्रींच्या पुऱ्या झोंपेनंतरहि अन्नावर वासना नसेल, बोलणें तुटक व निराशेचें असेल, तर मात्र मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावें. तें उद्यांवर टाकूं नये.