दस्तरख्वान हीच पहिली शाळा

असरची नमाज झाली की आमच्या मोहल्ल्यात घरोघरी कढया चढतात. भजी, समोसे, कबाब, त्यावर गुलाबी सरबत. तेरा-चौदा तासांच्या उपवासानंतर या पदार्थांची ओढ लागणे साहजिकच आहे. पण तीस दिवस हेच पोटात गेले, तर रोज्याने शरीराला दिलेली विश्रांती इफ्तारच्या अर्ध्या तासात वाया जाते.

गेल्या रमजानमधील गोष्ट. अम्मींना पंधरा वर्षांपासून शुगर आहे. डॉक्टरांना न विचारताच त्यांनी रोजे सुरू केले. एके दिवशी गोळी सहरीला घेतली, खाल्ले मात्र चहा-पाव. दुपारी त्या घामाने डबडबल्या, बोलणे अडखळू लागले. धाकट्या भावालाही शुगर असल्याने घरात मशीन होते. आकडा आला 58. सरबत पाजून रोजा सोडवला. बरे वाटल्यावर अम्मी रडल्या, त्या रोजा गेला म्हणून. चूक त्यांची एकट्याची नव्हती, सगळ्या घराची होती. सरबताच्या बाटल्या आणि समोसे आणणारा मीच होतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी मधुमेही आहेत आणि त्याहून अधिक, सुमारे 13.6 कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. या दुसऱ्या गटाला आहार आणि चालणे यांनी अजून मागे फिरता येते. मात्र आहाराची समज घरात एकट्या बाईला देऊन भागत नाही. ती तेल कमी करते, तर नवरा म्हणतो, सालनाला चव नाही. सासूबाईंसाठी वेगळी भाजी रांधते, तर मुले पाकिटातले वेफर्स फोडतात. रुग्णाचे ताट वेगळे काढण्यापेक्षा सगळ्यांचे ताट बदलणे सोपे आणि माणुसकीचेही आहे.

पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही पैगंबर साहेबांची शिकवण आपण मुलांना पाठ करून देतो. तीच इफ्तारला अमलात आणायची आहे. एक-दोन खजूर आणि पाणी घेऊन मगरिबची नमाज पढावी, मग जेवावे. रोजच्या तळणाऐवजी उकडलेल्या हरभऱ्यांची चाट, काकडी, दही ठेवावे. भजी जुम्म्यापुरती राहू द्यावीत आणि तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. सहरीला पाव-फेणीऐवजी ज्वारीची भाकरी, डाळ, अंडे असे सावकाश पचणारे खावे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा मीठ पुरे म्हणते. लोणचे, पापड, वेफर्स यांतले मीठही त्यातच मोजायचे.

शुगरच्या रुग्णाने रमजानच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. बोटातून थेंबभर रक्त काढून तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक आलिम सांगतात. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली, तर रोजा लगेच सोडावा, हा डॉक्टरांचा सल्ला आहे. आजाऱ्याला सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. ती घेण्यात कमीपणा कसला?

मशिदीतील जुम्म्याच्या बयानात आणि मदरशाच्या वर्गात पाच मिनिटे या विषयाला मिळाली, तर पुष्कळ घरे सावरतील. पण पहिला धडा दस्तरख्वानवरच मिळतो. बाप काय आणतो आणि काय खातो, हे मुले पाहत असतात.

यंदा डॉक्टरांच्या सल्ल्याने अम्मी रोजे ठेवत नाहीत, फिदया देतात. पण इफ्तारला सगळ्यांत आधी त्याच येऊन बसतात. दस्तरख्वानवर जे असते, ते त्यांच्यासह सगळ्यांना चालते. ईदचा शीरखुर्माही कमी साखरेचा करायचे ठरले आहे. खजुराचा गोडवा त्यात असतोच.