ग्वाल्हेरचे साठ लाख आणि चार कोटी टनांचे स्वप्न

टाटा स्टीलच्या इतिहासात ग्वाल्हेरचे नाव एका ओळीपुरते येते, आणि पुष्कळदा तीही ओळ गाळलेली असते. २६ ऑगस्ट १९०७ रोजी मुंबईत टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी झाली. त्याआधी लंडनच्या बाजारात भांडवल उभे करायचा खटाटोप झाला होता. तिथे डाळ शिजली नाही. मग दोराबजी टाटा मुंबईकरांकडे वळले. स्वदेशीचा जोर होता. कंपनीच्या कचेरीपुढे सकाळपासून रांगा लागल्या आणि तीन आठवड्यांत सुमारे ८,००० लोकांनी मिळून १६ लाख ३० हजार पौंडांचे भाग उचलले. पुढे खेळत्या भांडवलासाठी ४ लाख पौंडांचे कर्जरोखे विक्रीला आले, तेव्हा ते सगळेच्या सगळे एका माणसाने घेतले: ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे. पौंडाला १५ रुपये हा तेव्हाचा दर धरला तर रक्कम होते साठ लाख रुपये.

जयविलास राजवाड्यात आलेल्या पाहुण्यांना जेवणाच्या मेजावरून फिरणारी चांदीची आगगाडी हमखास दाखवतात. कर्जरोख्यांविषयी कुणी बोलत नाही. कागदाला चांदीची चकाकी कुठून असणार!

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातच वाढले आणि नोकरीची बहुतेक वर्षे एका सरकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली. त्यामुळे या साठ लाखांकडे मी देशभक्तीच्या आधी कर्जाच्या फाइलीच्या नजरेने बघते. जमीन, इमारत, यंत्रे यांच्यासाठी पैसा देणे तुलनेने सोपे असते. बुडालेच तर विकायला काहीतरी उरते. खेळते भांडवल म्हणजे कच्चा माल, मजुरी, कोळसा, उधारी. ज्या कारखान्यातून अजून एक रूळही बाहेर पडलेला नाही, त्याच्या खेळत्या भांडवलाचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर मी त्यावर शंका काढून तो परत पाठवला असता. १९०७ साली पैसा जमला; भट्टीतून पहिले लोखंड निघाले ते २ डिसेंबर १९११ रोजी, आणि पोलाद त्यानंतर, १९१२च्या फेब्रुवारीत. मधली चार वर्षे नुसता खर्च. सरकारने दहा वर्षे दरसाल २०,००० टन रूळ घेण्याचे कबूल केले होते, एवढाच काय तो आधार.

माधवरावांनी हे का केले असेल? हौस होती, दानत होती, हे सगळे खरे. पण त्यांना रूळ म्हणजे काय ते ठाऊक होते. ग्वाल्हेरहून भिंडकडे, शिवपुरीकडे आणि १९०९पर्यंत थेट श्योपूरपर्यंत त्यांनी दोन फुटी रुळांची छोटी रेल्वे नेली होती. २०२० पर्यंत ती धावत होती. टपावर माणसे बसलेली तिची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. ज्याने रुळांची बिले चुकवली आहेत, त्याला देशी रुळाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. हा माझा तर्क आहे, पण कर्ज विभागातल्या माणसाचा तर्क आहे.

आमच्याकडे बाड्याच्या चौकात चार जुने लोक जमले की एक तक्रार हटकून निघते: महाराजांनी एवढा पैसा टाटांच्या कारखान्यासाठी तिकडे साकचीच्या जंगलात घातला, इथेच पोलादाचा कारखाना का काढला नाही? मला ही तक्रार कधीच पटली नाही. ग्वाल्हेरच्या आसपास पोलादाच्या कारखान्याला पुरेल असे ना लोहखनिज, ना कोळसा. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १९०४ साली मयूरभंजमधल्या गोरूमहिसानीच्या खनिजाविषयी टाटांना कळवले, म्हणून कारखाना तिथे गेला. माधवरावांनी पैसा खनिजाच्या दाराशी पाठवला. इथे जे चालू शकत होते, ते म्हणजे कापड; त्यासाठी त्यांच्याच काळात बिर्ला आले आणि १९२१ मध्ये जियाजीराव कॉटन मिल उभी राहिली. ती १९९२ मध्ये बंद पडली, कामगारांच्या थकबाकीचा घोळ पुढे दशकानुदशके चालला, आणि ते दुखणे वेगळ्या लेखाचे आहे.

टाटा स्टीलच्या वाढीकडे मी याच एका कसोटीने पाहते: पैसा खनिजाकडे चालला आहे की खनिजापासून दूर? बाकी ‘जागतिक कंपनी’, ‘कितवा क्रमांक’ वगैरे भाषा वार्षिक अहवालाच्या गुळगुळीत पानांना शोभते.

या कसोटीवर सर्वांत मोठी चूक उघड दिसते. कोरस. ऑक्टोबर २००६ मध्ये टाटांनी या इंग्रज-डच कंपनीसाठी भागामागे ४५५ पेन्सची बोली लावली. ब्राझीलची सीएसएन मैदानात उतरली आणि जानेवारी २००७ अखेरच्या रात्री लिलाव ६०८ पेन्सपर्यंत गेला. टाटांनी सीएसएनवर पाच पेन्सने मात केली. सौदा साधारण १२ अब्ज डॉलरचा. शंभर वर्षांपूर्वी ज्या लंडनने पैसे दिले नाहीत तिथली कंपनी आपण घेतली, याचा देशभर केवढा आनंद! माझ्या सासऱ्यांनी पेढे वाटले होते. ‘टाटांचा शेअर विकायचा नसतो’ हे त्यांचे ब्रीद. मीही एक पेढा खाल्लाच. पण कोरसकडे स्वतःच्या लोहखनिजाच्या खाणी नव्हत्या. वेल्समधले पोर्ट टालबट काय, हॉलंडमधले आयमाउडेन काय, दोन्हीकडे खनिज जहाजाने येते. पुढच्याच वर्षी जगभर मंदी आली. २०१६ मध्ये ब्रिटनमधला रूळ-सळ्यांसारख्या लांब उत्पादनांचा विभाग टाटांनी एका पौंडाला दिला. हो, एका पौंडाला. पोर्ट टालबट रोज दहा लाख पौंड गमावते, असे कंपनीच सांगू लागली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी तिथली शेवटची झोतभट्टी विझली आणि अडीच हजारांहून अधिक नोकऱ्यांवर पाणी पडले. आता तिथे भंगार वितळवणारी विजेची भट्टी होते आहे: खर्च सव्वा अब्ज पौंड, त्यातले ५० कोटी ब्रिटिश सरकारचे. २०२३-२४ मध्ये भारतातला धंदा कमावत असताना एकत्रित हिशेबात सुमारे ४,९०० कोटींचा तोटा दिसला, तो याच निरवानिरवीचा.

कुणी म्हणेल, विकत घेऊन वाढणेच वाईट. तसे नाही. २०१८च्या मे महिन्यात टाटांनी दिवाळखोरी संहितेतून भूषण स्टील घेतली, ३५,२०० कोटी रुपयांना. तो कारखाना ओडिशात, अंगुलजवळ, खनिजाच्या पट्ट्यात. २०२२ मध्ये नीलाचल इस्पात घेतली १२,१०० कोटींना. तीही ओडिशात, कलिंगनगरला स्वतःच्या कारखान्याला लागून, आणि सोबत खाण आली. दोन्ही सौदे मला पटले. कोरस तेजीच्या शिखरावर घेतली आणि भूषण घेतली विकणारा अगतिक असताना, हाही फरक आहेच. तो अगतिक विकणारा कोण होता, तेही सांगते: आमच्या बँका. भूषणवर बँकांचा दावा सुमारे ५६ हजार कोटींचा होता. त्यातले सुमारे दोन तृतीयांश मिळाले, म्हणून सगळ्यांनी सुस्कारा सोडला, कारण इतर प्रकरणांत याहून कितीतरी कमी मिळत होते. टाटांच्या वाढीतला काही भाग असा ठेवीदारांच्या आणि करदात्यांच्या हेअरकटमधून, म्हणजे सोडून द्याव्या लागलेल्या पैशांतून, आला आहे. त्यात बेकायदा काही नाही. कंपनीच्या यशाचे पोवाडे गाताना एवढे कडवे मात्र वगळू नये.

कोकणातले उदाहरण महाराष्ट्रातल्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल. रायगडच्या डोळवीतला इस्पात या दुसऱ्याच कंपनीचा अडचणीत आलेला कारखाना जेएसडब्ल्यूने २०१० अखेर ताब्यात घेतला आणि आता तिथली क्षमता एक कोटी टनांवर नेली आहे. जेएसडब्ल्यूच्या जिंदालांकडे टाटांसारख्या शतकभर जुन्या खाणी नव्हत्या. त्यांनी बंदर धरले, कारखाना झपाट्याने वाढवला आणि देशातल्या क्षमतेत टाटांना मागे टाकले. म्हणजे खाणीवाचूनही वाढता येते. पण मग बाजारभावाने खनिज घ्यायची छाती लागते, आणि मंदीत तीच छाती धडधडते.

टाटांचे सध्याचे लक्ष्य आहे २०३० पर्यंत भारतात चार कोटी टन. आजची क्षमता अडीच कोटींच्या थोडी वर आहे. सगळा भर ओडिशावर: कलिंगनगर ३० लाखांवरून ८० लाख टनांवर गेले, आणि देशातली सर्वांत मोठी झोतभट्टी तिथे सप्टेंबर २०२४ मध्ये पेटली. वेल्सची विझली त्याच महिन्यात. दिशा योग्य आहे, असे माझे मत. तरी कलिंगनगरचे नाव घेताना २ जानेवारी २००६ आठवावाच लागतो. कारखान्याच्या जागेवर कुंपणभिंतीचे काम सुरू होताना विरोध करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि किमान बारा आदिवासींचा जीव गेला. खनिजाकडे जाणारा पैसा रिकाम्या जमिनीवर कधीच जात नाही. १९०७ च्या साकचीतही माणसे राहतच होती.

कंपनीचे निव्वळ कर्ज मार्च २०२५ ला ८० हजार कोटींच्या वर होते. आकड्याला मी घाबरत नाही; एवढ्या मोठ्या धंद्याला ते पेलते. मी बघते ते कर्जाची मुदत आणि भट्टीचे आयुष्य यांचा मेळ. पोलादात पैसा घालणाऱ्याला थांबता आले पाहिजे. १९२४ मध्ये कंपनीकडे पगारालाही पैसे उरले नव्हते, तेव्हा दोराबजींनी पत्नीच्या दागिन्यांसकट स्वतःची मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून एक कोटी उभे केले, आणि त्याच वर्षी सरकारने पोलाद संरक्षणाचा कायदा केला. आज तिमाही निकाल लागला की संध्याकाळी वाहिनीवरची मुले निकालावर निकाल देतात. भागाची दर्शनी किंमत २०२२ मध्ये दहाची एक रुपया झाली, तेव्हापासून हा कागद हातोहात फिरतो. लाभांश सलग तीन वर्षे ३ रुपये ६० पैसे. तो मला पुरतो.

मला खरी काळजी आहे ती ३१ मार्च २०३० या तारखेची. खाण कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार टाटांचे नोआमुंडी, जोडा यांसारखे जुने, कारखान्याच्या स्वतःच्या वापराचे पट्टे त्या दिवसापर्यंत चालतील, पुढे लिलाव. २०२०च्या ओडिशातल्या लिलावांत खनिजाच्या सरासरी विक्री किमतीच्या शंभर टक्क्यांच्या आसपास आणि त्याच्याही वर अधिमूल्याच्या बोल्या गेल्या होत्या. एक टन पोलादाला दीड टनाहून अधिक खनिज लागते. चार कोटी टनांचे लक्ष्य आणि स्वस्त खनिजाची अखेर एकाच वर्षी येते आहे. कंपनीच्या सादरीकरणांत पहिल्या गोष्टीची पाने किती आणि दुसरीची किती, ते ज्याने त्याने मोजावे.

वार्षिक सभा आता पडद्यावर होते. आधी नाव नोंदवले तर लष्करातल्या घरात बसूनही बोलता येते. दोन-तीन मिनिटे मिळतात, त्यातली बरीच मंडळी अध्यक्षांचे अभिनंदन करण्यात घालवतात. मी नाव नोंदवणार आहे आणि एवढेच विचारणार आहे: १ एप्रिल २०३० रोजी खनिज टनामागे किती रुपयांना पडेल असे धरून चार कोटींचा हिशेब मांडला आहे, आणि तो आकडा दुप्पट झाला तर कोणती भट्टी आधी थांबवाल?