खुनी माशी आणि ब्राझीलचे मधपाळ

व्हरोआ या परजीवी माइटच्या औषधांवर पैसा ओतून कंटाळलेले, मेलिफेरा (युरोपीय) माशी पाळणारे मधपाळ एक प्रश्न हमखास विचारतात. ब्राझीलमध्ये म्हणे पेट्यांना औषध न घालताही वसाहती तगतात, मग तिथली राणी आपल्याकडे का आणू नये? प्रश्न रास्त आहे. पण ज्या माशीबद्दल तो विचारला जातो, तिला बाकीचे जग ‘किलर बी’ म्हणून ओळखते. हॉलिवूडने 1978 साली ‘द स्वॉर्म’ काढून तिच्या नावावर पडदाभर मुडदे पाडले होते.

मूळ हकीकत अनेकांना ठाऊक असेल. युरोपातून नेलेली माशी ब्राझीलच्या उष्ण हवेत मध देताना हात आखडता घेई. म्हणून आनुवंशिकीतज्ज्ञ वॉरविक केर यांनी 1956 मध्ये आफ्रिकेतून स्कुटेलाटा जातीच्या राण्या आणल्या आणि साओ पाउलो राज्यात रिओ क्लारोजवळ त्यांच्यावर संकराचे काम सुरू केले. पुढच्याच वर्षी पाहुणा म्हणून आलेल्या एका मधपाळाने राणीला बाहेर पडू न देणाऱ्या जाळ्या काढल्या आणि 26 थवे रानात गेले. त्यांची प्रजा वर्षाला 300 ते 500 किलोमीटर सरकत राहिली आणि ऑक्टोबर 1990 मध्ये टेक्सासमधील हिडाल्गोला पोचली.

आता भीतीचे. या माशीचे विष जास्त जहाल, ही समजूत खोटी आहे. ती युरोपीय माशीपेक्षा किंचित लहान, एका दंशातले विष तेवढेच किंवा थोडे कमीच. फरक पडतो तो अंगावर येणाऱ्या माश्यांच्या संख्येत. युरोपीय वसाहत डिवचली तर मोजक्या माश्या धावून येतात. इथे काही सेकंदांत शेकडो बाहेर पडतात, काही शे मीटर पाठलाग करतात आणि तासन्‌तास शांत होत नाहीत. नांगी मारताना सुटणारा पिकल्या केळ्याचा वास आपण सगळेच ओळखतो. त्या वासाला ही वसाहत फार लवकर आणि फार मोठ्या संख्येने जागी होते. आफ्रिकेत मध लुटणारा माणूस आणि पोळे उकरणारा रॅटेल नावाचा प्राणी यांच्याशी हजारो वर्षे गाठ पडलेली. सौम्य वसाहती तिथे टिकल्याच नसाव्यात.

धडधाकट प्रौढ माणसाला केवळ विषाने मारायला ढोबळमानाने हजारभर दंश लागतात (अ‍ॅलर्जी असेल तर कोणत्याही माशीचा एकच पुरे). पळू शकणारा माणूस सहसा वाचतो. सापडतात ते म्हातारेकोतारे, लहान मुले, दावणीची जनावरे. अमेरिकेतला या माश्यांचा पहिला बळी 1993 मध्ये टेक्सासमध्ये गेला. एक वयोवृद्ध गृहस्थ पडीक घरातले पोळे स्वतःच हटवायला गेले होते. मशाल घेऊन आग्या मोहोळ काढायला जाणाऱ्यांना यावर वेगळे काही सांगायला नको. तरीही आकडे पाहा. 2000 ते 2017 या काळात अमेरिकेत मधमाश्या, गांधीलमाश्या वगैरे सगळ्यांच्या दंशांनी मिळून वर्षाला सरासरी 62 माणसे दगावली, आणि यात अ‍ॅलर्जीने गेलेलेही आले. एक मृत्यूही वाईटच, पण वर्तमानपत्रांनी रंगवलेली संहारकथा प्रत्यक्षात घडली नाही. कडक थंडीत ही माशी तग धरत नाही, त्यामुळे तिची आगेकूच उत्तरेकडे मंदावली आणि दक्षिणेकडे अर्जेंटिनात अडली.

मला या कहाणीत माशीपेक्षा मधपाळ महत्त्वाचे वाटतात. सुरुवातीला ब्राझीलमध्ये अनेकांनी धंदा सोडला. व्हेनेझुएलात तर ही माशी पोचल्यावर मधाचे उत्पादनच कोसळले. जे टिकले त्यांनी कामाची पद्धत बदलली. पेट्या घरे, रस्ते आणि गोठ्यांपासून लांब नेल्या. एका लांब बाकावर ओळीने पेट्या मांडायची सवय सोडून प्रत्येक पेटीला स्वतंत्र स्टँड दिला, म्हणजे एक उघडताना शेजारच्या दहा हादरत नाहीत. धुराडी मोठी केली, पेटी उघडण्याआधी धूर द्यायचा आणि घाई करायची नाही, हा नियम केला. पांढरा, अंगभर पोशाख सक्तीचा झाला. आणि सर्वांत तापट वसाहतींच्या राण्या वर्षानुवर्षे बदलल्या गेल्या. आज ब्राझील वर्षाला 60 हजार टनांच्या आसपास मध काढतो, पियाउईसारख्या कोरड्या राज्यातला सेंद्रिय मध परदेशी जातो, आणि हा मध याच ‘खुनी’ माशीचा असतो. पनामात संशोधक डेव्हिड रूबिक यांनी 2002 मध्ये दाखवून दिले की या माश्यांच्या परागीभवनाने अरेबिका कॉफीचे पीक 50 टक्क्यांहून जास्त वाढते.

प्वेर्तो रिकोचे उदाहरण तर आणखी बोलके. तिथे ही माशी 1994 मध्ये पोचली. बेट लहान, लोकवस्ती दाट. दोन दशकांतच तिथल्या माश्या युरोपीय माश्यांइतक्या निवळल्या आणि व्हरोआला तोंड देण्याची ताकद मात्र टिकून राहिली. तापट पोळी माणसाच्या नजरेत आधी येतात आणि आधी मारली जातात, हे त्यामागचे एक संभाव्य कारण मानले जाते. 2017 मधल्या जनुकीय अभ्यासात या सौम्यपणामागची निवड जनुकांतही दिसली.

मग ती राणी आणायची का? माझे उत्तर साफ नाही असे आहे. केर यांचा हेतू चांगला होता, ज्ञानही उत्तम होते; तरी काढलेल्या जाळ्या पुरेशा ठरल्या. आपली देशी सातेरी वेगळी प्रजाती असल्याने तिचा संकर होणार नाही. पण पंजाबपासून बिहारपर्यंत आणि आपल्याकडे सूर्यफुलाच्या शेतांत फिरणाऱ्या मेलिफेराच्या पेट्यांत हे रक्त मिसळले, तर ते परत वेगळे काढता येणार नाही. नरांवर कुंपण घालता येत नाही. शिवाय ही माशी वारंवार थवे सोडते, चारा आटला की पेटी सोडून जाते. भरपूर मधाच्या आशेने आणणाऱ्याला रिकाम्या चौकटी मोजाव्या लागतील.

घ्यायचेच तर ब्राझीलच्या मधपाळांची शिस्त घ्यावी. नोंदवहीत मधाच्या किलोंशेजारी एक रकाना स्वभावाचा ठेवा: पेटी उघडल्यावर किती माश्या हातमोज्यांवर आल्या, किती अंतरापर्यंत मागे लागल्या. दुसरा रकाना माइटचा, पिठीसाखरेच्या चाचणीतला आकडा. दोन्हीत बऱ्या ठरलेल्या वसाहतींतून राण्या तयार करा, वाईट ठरलेल्यांच्या राण्या पावसाळा संपताच बदला. एकट्याने हे होणार नाही, कारण शेजारच्याचे नर तुमच्या राण्यांना गाठणारच. म्हणून एका परिसरातल्या मधपाळांनी हे मिळून करायला हवे. ज्यांची तयारी असेल त्यांनी कळवावे, वहीचा नमुना पुढच्या अंकात छापू.