दुखत नाही, म्हणूनच तपासून घ्या

सकाळच्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात आमचा डोंबिवली-ठाण्याचा ग्रुप आहे. या डब्यात आम्ही भाजी निवडतो, हळदीकुंकू करतो, मुलांच्या अॅडमिशनपासून सासूबाईंच्या मोतीबिंदूपर्यंत सगळं बोलतो. परवा मी विचारलं, पिशवीच्या तोंडाची, म्हणजे गर्भाशयमुखाची, तपासणी कोणी करून घेतली आहे? कोणीच बोललं नाही. मग एकजण म्हणाली, "मला कुठे काय होतंय?"

या चार शब्दांसाठी मी हे आवाहन लिहिते आहे.

बायका दुखणं अंगावर काढतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण अंगावर काढायला आधी काहीतरी दुखावं लागतं. गर्भाशयमुखाचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही. स्तनातली गाठ बहुतेकदा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच आपण तिला साधी समजतो. बीपी वाढलेलं जाणवत नाही. साखर वाढलेली कित्येक वर्षं कळत नाही. तपासणीचा खरा दिवस तोच, ज्या दिवशी आपल्याला काहीही होत नसतं.

२०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांपैकी जेमतेम दोघींनी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी केली होती. स्तनांची तपासणी शंभरात एकीचीही धड नाही.

याचं दुःख जास्त होतं, कारण गर्भाशयमुखाच्या तपासणीने जीव वाचतो हे जगाला दाखवून दिलं ते महाराष्ट्रातल्या बायकांनी. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होतं. ५२ गावसमूहांतल्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक बायका सहभागी झाल्या. काही गावांत एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली, तीही आयुष्यात एकदाच. काही गावांत नेहमीची आरोग्यसेवा तेवढी होती. आठ वर्षांनी मोजदाद झाली तेव्हा एचपीव्ही चाचणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेलेल्या ३४ जणी होत्या, आणि साधारण तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या गटात ६४. २००९ मध्ये हे निष्कर्ष जगापुढे आले.

आणि मुंबईच्या वस्त्यांमधलं काम तर आपल्या अगदी जवळचं. टाटा स्मारक रुग्णालयाने दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी तपासणी केली ती दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी. हातात यंत्र नव्हतं. होतं सौम्य अॅसेटिक आम्ल, व्हिनेगरमध्ये असतं तेच. पिशवीच्या तोंडाला ते लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का ते बघायचं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच भेटीत हातांनी स्तन तपासले जात. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०२१ मध्ये कळलं की पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. झोपडपट्ट्यांच्या गल्ल्यांतून त्या बायका वेळ काढून आल्या, म्हणून हे कळलं. आपण अजून वेळ काढत नाही.

कोणत्या वयात काय, तेही सांगते. मुलगी नऊ ते चौदा वर्षांची असेल तर एचपीव्हीच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. या वयात तिचा उपयोग सर्वांत जास्त होतो. लस घेतली तरी मोठेपणी तपासणी करावीच लागते. वयात आलेल्या प्रत्येक मुलीचं हिमोग्लोबिन तपासा. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आहे, आणि धाप लागली की आपण स्टेशनच्या जिन्याला दोष देतो. गरोदरपणात साखर वाढली असेल, तर बाळंतपणानंतर ती विसरू नका. पुढे मधुमेह होण्याचा धोका त्या बाईला जास्त असतो. तिने दर एक ते तीन वर्षांनी साखर बघावी.

तिशी ओलांडली की बीपी, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख, अशा पाच तपासण्या राष्ट्रीय कार्यक्रमातच आहेत. सरकारी केंद्रात त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. मिश्री लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या बाईने तोंड उघडून दाखवायला लाजू नये. चाळिशीनंतर मॅमोग्राफी कधी आणि किती वर्षांनी, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. आई, मावशी किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर हे बोलणं चाळिशीच्याही आधी व्हायला हवं. साठीनंतर हाडांची घनता बघा, म्हणजे मनगट किंवा खुबा मोडण्याआधी कळेल.

एक गोष्ट मात्र कोणत्याही वेळापत्रकात बसत नाही. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून लाल गेलं, थेंबभर का होईना, तर "पाळी परत आली" असं म्हणून थांबू नका. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. संबंधानंतर रक्त आलं तरी तसंच.

आता त्या फुल बॉडी चेकअपच्या जाहिरातींबद्दल. स्टेशनबाहेर फलक लागतात, मोबाइलवर येतात, सत्तर-ऐंशी चाचण्या, घरी येऊन रक्त घेणार. रक्त, साखर, थायरॉइड बघायला हरकत नाही. पण रक्ताच्या बाटलीत स्तन आणि पिशवीचं तोंड दिसत नाही. पॅकेज करून निर्धास्त झालेल्या कितीतरी जणींची सर्वांत गरजेची तपासणी राहूनच जाते. रिपोर्ट हातात आला की बघा, त्यात या दोन गोष्टी आहेत का.

लाज वाटते, हे मला पूर्ण समजतं. १८६५ मध्ये आपल्या कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी समुद्र ओलांडून अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, त्यामागे हीच लाज होती. पुरुष डॉक्टरपुढे दुखणं सांगता येत नाही म्हणून बायका मरतात, हे त्यांना दिसत होतं. चौदाव्या वर्षी त्यांचं दहा दिवसांचं बाळ गेलं होतं. स्वतः त्या बाविशीही गाठू शकल्या नाहीत. आज आपल्याला बाई डॉक्टर मागता येते. मागा. तपासणीत कापाकाप नाही, इंजेक्शन नाही. पाळी चालू नसताना जा. काही खुपलं तर थांबा म्हणा. आणि रिपोर्टमध्ये काही निघालं म्हणजे कर्करोगच झाला असं नाही. गर्भाशयमुखातले बदल कर्करोगापर्यंत पोचायला सहसा दहा-पंधरा वर्षं घेतात, आणि त्या टप्प्यावर बऱ्याचदा काही मिनिटांचा उपचार पुरतो.

घरातल्या पुरुषांना माझं सांगणं आहे: "जाऊन ये" म्हणू नका, त्या सकाळचा डबा तुम्ही करा आणि सोबत जा. ज्यांच्याकडे दिवा, मुंब्रा, बदलापूरहून घरकामाला मावशी येतात, त्यांनी मावशींना एक दिवस पगारी सुट्टी द्यावी, तीही तपासणीच्या नावानेच, म्हणजे ती दुसऱ्या कामात जाणार नाही. महिला मंडळांनी एका सोसायटीच्या दहा-दहा जणींना एकत्र न्यावं. दहा जणींत संकोच विभागला जातो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांना कळकळीची विनंती, की तपासणीची वेळ संध्याकाळी सातनंतर आणि रविवारीही ठेवावी. आम्ही संध्याकाळच्या लोकलने सातला घरी पोचतो.

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ठाण्याचं सिव्हिल, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, किंवा तुमच्या वॉर्डातलं नागरी आरोग्य केंद्र, यातलं जवळ असेल तिथे या आठवड्यात जाऊन तपासणीचा वार आणि वेळ विचारा. आशाताई दारावर आल्या तर त्यांना विचारा. मग डब्यात शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला विचारा, तू केली आहेस का? तिने नाही म्हणून मान हलवली, तर दोघींसाठी एकच तारीख घ्या.